डी ड्राइव्हवर साडेबारा टक्के जागा मिळणेबाबत

प्रति,
मा. संगणक कक्ष प्रमुख,
खाडीकिनारा नियोजन कार्यालय,
कोपरखैरणे, नवी मुंबई.

विषय: सी ड्राइव्हवरील विस्थापितास डी ड्राइव्हवर पर्यायी जागा देणेबाबत.
संदर्भ: आपली "चोवीस तासांत जागा रिकामी करा" ही नोटीस व तिची स्मरणपत्रे.

महोदया,

मी हिरामण रामचंद्र मढवी, आवक-जावक लिपिक, राहणार बोनकोडे, सविनय कळवतो की,

१. आमच्या शाखेच्या संगणकाचा सी ड्राइव्ह गच्च भरला आहे. सकाळी सुरू केलेला संगणक जेवणाच्या सुट्टीपर्यंत जागा होतो.

२. जागा नसल्याची नोटीस आपण प्रत्येकास पाठवता. शिरस्त्याप्रमाणे आम्ही ती स्कॅन करून डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हवरच, ठेवतो. आता फायलींपेक्षा नोटिसा जास्त झाल्या आहेत.

३. खोडलेल्या फायली कचरापेटीत पडून आहेत. पेटी रिकामी करण्यास निर्लेखन समितीची मंजुरी लागते. समितीच्या सभेची सूचना याच संगणकावर टाईप होते आणि जागेअभावी सेव्ह होत नाही.

४. डी ड्राइव्ह संपूर्ण मोकळा आहे, परंतु "भावी विकासासाठी राखीव" आहे. आमच्या मिठागरावरही असाच फलक लागला होता.

५. आता मुद्द्याचे. आपल्या कक्षातील कल्पेश म्हणतात, "काका, टेन्शन नका घेऊ. सी फॉरमॅट मारतो, एकदम मक्खन चालेल." परंतु सी ड्राइव्हवर माझे कै. वडील आहेत. त्यांचे बोलणे मोबाईलवर टिपून मी इथे ठेवले. नंतर मोबाईल खाडीत पडला. घरी संगणक नाही, इथे इंटरनेट नाही आणि पेनड्राइव्हला आपली बंदी आहे. फाईलवर वडिलांचे नाव असल्याने जागा खाली करण्याची नोटीस त्यांनाही आली. त्यांच्या वतीने पोच मी दिली.

६. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के भूखंड मिळतो. त्याच न्यायाने वडिलांना डी ड्राइव्हवर जागा द्यावी. टक्क्यांचा आग्रह नाही, एका फाईलपुरती पुरे. तीत ते बांध कसा घालायचा ते सांगतात आणि शेवटी हाक मारतात, "हिरामन, पानी आयलाय, घरा चल."

वडिलांना मिठागरावरून एकदा उठवून झाले आहे. पुन्हा उठवू नये.

आपला, जागेच्या प्रतीक्षेत,
(सही)
हि. रा. मढवी
दि. १२ जून २०२५

सोबत: १) वडिलांच्या नावची नोटीस, पोचेसह.
२) डी ड्राइव्हचा नकाशा (कोरा).

ता.क. अर्ज हाताने लिहिला आहे. त्याची प्रत संगणकात ठेवलेली नाही. तेवढी जागा वडिलांना असू दे.