हिरवा दिवा

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज दादाने जीप डिंगोऱ्याला मेस्त्रीकडे नेलीच. मीही मागं बसून गेलो, घरी बसवेना.

आईच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा दादा तिला घेऊन भर पावसात वस्तीवरून निघाला आणि चढावर चिखलात रुतला. फोर-व्हीलचा दांडा टाकला, समोर डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला, पण पुढची चाकं ओढेनात. दवाखाना येण्याआधीच आई गेली. दीड महिना झाला, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा एकच सांगतो, "दांडा नीट बसला नसंल माझ्याकडून."

बसला होता. दिवा लागला होता ना.

मेस्त्री गाडीखालून म्हणाला, "भाऊ, पुढचा शाफ्टच न्हाई हिला. डिझेल वाचावं म्हणून काढत्यात लोक. दिव्याचं काय, दांडा पडला की तो लागणारच. चाकापर्यंत जोर कसा जाणार?"

दादा तिथंच पायरीवर बसला. "म्हंजे माझी चूक नव्हती," एवढंच म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "गाडी विकणाऱ्यानंच काढला असंल, न्हाई का?"

मी हो म्हणून मान हलवली. का हलवली?

शाफ्ट आमच्या कांदा साठवायच्या बराखीत आहे, मागच्या कोपऱ्यात, गोणपाटात. उन्हाळ्यात मीच काढला. बाजाराला डांबरीनंच जायचं, पावसाआधी बसवू म्हटलं. दिवा लागतो का तेही तेव्हा बघितलं होतं. लागला, म्हणून निर्धास्त झालो.

आज दादा दीड महिन्यानं पोटभर जेवला. उद्या सकाळी आम्ही दोघं बराख रिकामी करणार आहोत. गोणपाट मी हलवलेलं नाही.