तंबाखूच्या देठांचं पाणी

आई, कळंब्याच्या आपल्या पॉलिहाऊसमधली ढबू मिरची तुझ्या काढ्यानं गेली, असं लोक अजून सांगतात. त्यांच्याशी भांडायचाही आता मला कंटाळा आलाय. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आपला प्लास्टिकचा मांडव बघायला माणसं सायकली थांबवायची. शेजारच्या रानातली तंबाखू निघाली की उरलेले देठ तू भाऱ्यानं आणायचीस, हंड्यात रटरट उकळायचीस, गाळून, पाणी घालून फवारायचीस. पानांवरची मावा कीड गळून पडायची. लोक जाळून टाकायचे त्या कचऱ्यावर आपली मिरची तीन हंगाम निभावली.

चौथ्या वर्षी तुझा गुडघा धरला आणि काम माझ्याकडे आलं. "चांगलं उकळू दे गं. कच्चं पानी झाडाला बाधतंय," तू दारातून ओरडलीस. मी म्हणाले, "उकळल्यावर त्यातलं औषध उडून जातं, आई. मी रसायनशास्त्र शिकवते." "शिकीव की पोरास्नी. झाडं काय तुझ्या परीक्षेला बसत न्हाईत!" मी हसले, आणि देठ नुसतेच गार पाण्यात भिजवून ते पाणी फवारलं.

दोन-तीन आठवड्यांत मिरचीची पानं चट्टेरी होऊन आकसली. कृषी खात्यातले साहेब आले. म्हणाले, हा रोग तंबाखूतूनच आलाय, उकळल्याशिवाय मरत नाही. मग तुझ्याकडे वळून, "म्हातारे, न उकळता फवारलंस?" आईच्या वयाच्या बाईशी एकेरीत! तो संताप अजून जात नाही. त्यातला त्यांच्यावरचा किती आणि माझ्यावरचा किती, हे बघायचं मी टाळते. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "व्हय सायेब, चुकलं माझं." कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला खरं बोलायला शिकवलं होतं, तेही इंग्रजीत, त्या दिवशी ते कुठल्याच भाषेत आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुखरा गुडघा घेऊन रोगट झाडं उपटताना तू एवढंच म्हणालीस, "तू जा शाळेला, उशीर हुईल." नंतर तू कधी काढा केला नाहीस.

परवा बचत गटाच्या बायका आल्या होत्या. त्यांनीही पॉलिहाऊस घातलंय. "बाई, त्यो तंबाखूचा काढा सांगा की." मी सांगितलं, आधी रटरट उकळा, त्यात आळस नको. "हे कुणी शिकीवलं तुमास्नी?" मी म्हणाले, "पुस्तकात आहे."

हे पत्र तुला कुठं पाठवणार? त्या बायका मात्र दोन गल्ल्या पलीकडेच राहतात, आणि तुझं नाव सांगायला मी अजून गेलेले नाही.