काजळाची सळई

रनाळे, चैत्र वद्य पंचमी, शके १८५५

गावातल्या निम्म्या पोरांचे डोळे आलेत, म्हणून आज शाळेत सरकारी डॉक्टर आले होते. हे शाळेत शिकवून घरी आले आणि टोपी काढता काढता म्हणाले, "ही साथ हवेनं येत नाही म्हणे. एकाच्या डोळ्यातली घाण दुसऱ्याच्या डोळ्याला लागते. हातानं, फडक्यानं, काजळाच्या सळईनं." एवढं बोलून जेवायला बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

काजळ मीच करते. एरंडेलाच्या दिव्यावर धरायचं, तुपात खलायचं. सळई सासूबाईंची, चांदीची. माझ्या हाताला गुण आहे म्हणून गल्लीतल्या बाया पोरं आणतात. आज सकाळीही दोघांना घातलं. एकाला घालायचं, सळई पदराला पुसायची, मग दुसऱ्याला. पुसत होते ना मी. दर वेळी पुसत होते.

शेजारच्या सखूच्या थोरल्या मुलीच्या डोळ्यात फूल पडलंय, बुबुळावर पांढरा डाग. तिला मी आठ दिवस घातलं होतं. रडू यायला हवं होतं, आलं नाही. भांडी घासली.

संध्याकाळी सखू धाकटीला घेऊन आली. "वहिनी, हिना बी डोया उनात. तुम्हना हातनं काजय लाई द्या."

काजळ संपलं, म्हटलं. डबी भरलेली होती. खरं का नाही सांगितलं? पोरगी किरकिरायला लागली. मी तिला कडेवर घेतलं आणि पदरानं तिचे डोळे पुसले.