यांची सालांची बरणी

४ मार्च
हे गेल्यापासून घरात घाण एकच उरली आहे: यांची बरणी. लेक सुतयिंग जन्मली त्या वर्षी यांनी टोपलीभर संत्री सोलली, गर कोंबड्यांना टाकला आणि सालं कफाच्या औषधाला ठेवली; जितकी जुनी तितकी गुणकारी, म्हणे. मग दर हिवाळ्यात ती उन्हात घालायची, परत भरायची. वास औषधाचा, जुन्या कपाटाचा आणि यांच्या बंडीचा. किळस येते. मे महिन्यात लेकीचं लग्न, बरणी तिच्याबरोबर जाईल. तोवर हात लावायचा नाही.

७ मार्च
दक्षिणेचा दमट वारा सुटला. भिंतींना पाणी सुटलंय. औषधांच्या पुस्तकात वाचलं: या दिवसांत बरणी उघडली की सालं गेली. शेजारच्या फुंगवहिनीला वाचून दाखवलं. म्हणाली, ताई, हे आमच्या म्हशीलाही ठाऊक आहे. अडाणी बाई.

८ मार्च, सकाळी
बरणी उघडली. बुरशी आलीय का, एवढंच पाहायला. नाही. वास तसाच ओंगळ. झाकण लावायला जरा वेळ लागला.

१३ मार्च
नाक आत घातल्याशिवाय कळणार कसं? यांचा खोकला आठवला, थुंकदाणी आठवली. शिसारी. जेवले नाही. उद्यापासून बंद.

१४ मार्च
फक्त सकाळी.

२ एप्रिल
फुंगवहिनी दारात. म्हणाली, रोज बरणीत तोंड घालून बसता, भाऊजी आत आहेत का? म्हटलं, तपासते. म्हणाली, तपासा, मग लेकीच्या सासूला बुरशीचा काढा पाजा. जिभेला हाड नाही.

१५ एप्रिल
सालांवर हिरवट लव. जुनेपणाची खूण असावी. पुस्तकात नाही, पण पुस्तकात सगळं थोडंच असतं.

२१ एप्रिल
सुतयिंग आली. होणाऱ्या सासूला कफ फार, म्हणून बरणी आजच न्यायची म्हणाली. झाकण काढलं आणि मागे सरकली. मेलेल्या उंदराचा दर्प. आई, ही कोणी उघडली? म्हटलं, फुंगवहिनीवर संशय आहे. तिने रुमाल काढून माझ्या नाकाच्या शेंड्यावरची हिरवी धूळ पुसली.

२२ एप्रिल
सालं उकिरड्यावर टाकली. सुटले एकदाची. बरणी मोहरीचा पाला खारवायला ठेवली आहे. आधी वास जायला हवा, त्यासाठी ती उघडी ठेवावी लागेल.
झाकण घट्ट लावलंय.