दिलीपला दिलेला बोनमॅरो

९ फेब्रु. ९२, वर्तकनगर
माहेरून, डोंबिवलीहून आईचा फोन. भावाचं, दिलीपचं रक्त पुन्हा कमी. त्याचा बोनमॅरो रक्त बनवतच नाहीये. तिसाव्या वर्षी हे काय मागे लागलं. आई त्याच्या कंपनीतल्या केमिकलला शिव्या घालतेय.

१ मार्च
माझा नि विजूचा, दोघांचाही बोनमॅरो त्याच्याशी जुळला. विजू म्हणाला, "ताई, मी देतो ना." गप्प केलं त्याला. धाकट्याला कशाला त्रास. मीच देणार.

१४ मार्च
डॉ.नी विचारलं, "घरात कुणाचे केस फार लवकर पांढरे झालेत?" शेजारी हे आणि सासूबाई. "नाही," म्हटलं. आई पदर चाळवत बसली. सतराव्या वर्षापासून कलप लावतेय मी. बघायला आले तेव्हाही लावलेला. लग्नानंतर सांगू, असं आईचं नि माझं ठरलेलं. आठ वर्षं झाली. जाऊ दे, केसांचा नि रक्ताचा काय संबंध...

२० मे
माझा बोनमॅरो त्याच्यात रुजला नाही. दिलीप मलाच समजावतोय, "तू दिलंस ना, बस झालं."

३ जून
दिलीप गेला.

११ सप्टें. ०२
ऋचाच्या अंगावर काळेनिळे डाग. तेरा वर्षांची पोर. प्लेटलेट कमी. तेच डॉ., तोच प्रश्न. ह्यांच्यासमोर सगळं सांगून टाकलं. हे माझ्याकडे बघेनात.
डॉ. म्हणाले, पेशी दुभंगली की तिच्यातल्या गुणसूत्रांच्या धाग्यांची टोकं झिजतात. टेलोमरेज नावाचं एन्झाइम ती परत भरून काढतं. रक्त बनवणाऱ्या पेशी जन्मभर दुभंगतात, त्यांना ते फार लागतं. काही घराण्यांत तेच कमी पडतं, असं आता दिसतंय. केसही त्यातच लवकर पिकतात. तुमच्यात तेच असेल, नक्की नाही.
"मी तेव्हा बोलले असते तर?"
"टेलोमरेजचं तेव्हा आम्हालाही कळलं नसतं. पण केसांमुळे तुमच्याही मॅरोत तोच दोष असेल, अशी शंका आली असती. तुमच्याऐवजी विजयचा घेतला असता."
मूर्ख बाई. कुणाची लाज राखलीस?

१२ सप्टें.
डों.ला जाऊन विजूला सांगितलं. आई आत निघून गेली. विजूने चहाला हात लावला नाही. निघताना एवढंच विचारलं, "ऋचाचा पुढचा रिपोर्ट कधी?"
"सोमवारी."
"मी आणतो. तू नको जाऊस."
माझ्या काळजीने म्हणाला, की माझ्यावर भरवसा उरला नाही म्हणून, विचारायचा धीर झाला नाही.