कोणी चोरणार नाही असं झाकण

३ फेब्रुवारी, मंगळवार

'बंधूंनो, भगिनींनो, या गावात मान वर करून चालणारा माणूस उरलेला नाही! तुमच्या हातून काही पाप घडलंय म्हणून नव्हे. तुमच्या पायाखालची गटाराची झाकणं चोरीला जातात म्हणून. कर तुम्ही भरता, खड्ड्यातही तुम्हीच पडता —'

अशी सुरुवात. आरशासमोर म्हणून पाहिली, बरी वाटली. आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "मान राहू दे, आधी माझ्या पायाखाली उशी सरकव."

सरकवली. परवा कोपऱ्यावरच्या उघड्या गटारात त्यांचा पाय गेला, घोट्याचं हाड मोडलं. नगरसेविकेच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, नगरसेविकेची सासू! विरोधकांनी अजून यावर विनोद केलेला नाही. म्हणजे नीट तयारी चालू असणार.

लोखंडी झाकण रातोरात भंगारात जातं. सिमेंटचं कचऱ्याच्या गाडीखाली फुटतं. मग पालिका पुन्हा लोखंडी आणते. निवडून आल्यापासून मी यावर सभागृहात गरजते आहे. लोक मला तोफ म्हणतात. माझ्या आवाजाने झाकण मात्र एकही परत आलेलं नाही.

संध्याकाळी वन्सं आल्या — ह्यांची थोरली बहीण. आईचा पाय पाहिला, माझं भाषण ऐकलं.

"बोललीस छान. पण चोर झाकण चोरतो की लोखंड?"

"लोखंड."

"मग तिथे लोखंड ठेवता कशाला?"

भाषणाचा कागद घडी घालून ठेवला.

५ फेब्रुवारी

वन्संच्या शेडवर गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच. टाकाऊ प्लास्टिकपासून कुंड्या, स्टुलं, मोरीच्या जाळ्या करतात एवढंच ऐकून होते. सहा बायका कामाला. दारात कचऱ्याचा हा ढीग, आत गरम मेणासारखा वास, त्यात कुठून तरी शाम्पूचा सुगंध.

मला वाटायचं प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक. वन्संनी एका टपात पाणी घेतलं आणि चुरा ओतला. बाटल्यांचे तुकडे तळाला गेले, त्याच बाटल्यांच्या बुचांचे तुकडे वर तरंगले! एक पाण्याहून जड, दुसरं हलकं. वितळायला दोघांना वेगवेगळी धग लागते. एकत्र घातलं तर? वन्संनी एक फळी माझ्या हातात दिली. "मोड." गुडघ्यावर ठेवून दाबली, खडूसारखी तुटली. मी आणखी दोन मोडल्या. चौथीला वन्संनी हात धरला.

"सगळं काळंच का?"

"लाल, निळं, हिरवं एकत्र वितळलं की चिखलाचा रंग येतो. मग काजळी घालून सरळ काळं करते. मजबूत असतं. पण दुकानदार म्हणतो, बाई, गिऱ्हाइकाला पोपटी लागतं."

मग त्यांनी मनगटाएवढ्या जाडीचं एक झाकण जमिनीवर आडवं टाकलं. दोन विटांवर, मधे पोकळी. "उड्या मार." साडी खोचली आणि मारल्या. सहाही बायकांनी काम थांबवून पाहिलं. झाकण हललं नाही.

"आणि हे कोणी चोरणार नाही?"

"नेऊन करील काय? भंगारवाला याला शिवत नाही. लोक फुकट आणून माझ्या दारात ओततात, वर आभार मानून जातात."

निघताना, पाठ फिरवून, सहज सांगावं तसं म्हणाल्या, "मार्चअखेर शेड सोडतेय. विक्रीच नाही. मशीन तेवढं जाईल. लोखंडाचं आहे ना, त्याला गिऱ्हाईक आहे."

६ फेब्रुवारी

घरातली प्रत्येक डबी, बाटली, बूच बादलीत बुडवून पाहिलं. ह्यांची अंघोळ खोळंबली.

९ फेब्रुवारी

पालिकेच्या अभियंत्यांना भेटले. झाकण त्यांच्या टेबलावर ठेवलं — शिपाई आणि मी मिळून. त्यांनी टिचकी मारली, वास घेतला, पेनाने ओरखडा काढून पाहिला. माणूस जिज्ञासू आहे. मग म्हणाले, "नियमात 'लोखंडी अथवा सिमेंटचे' असं आहे."

"का?"

"पूर्वीपासून."

"आणि वजन किती पेलावं?"

"ते कुठे लिहिलेलं नाही."

क्रांत्यांचे जाडजूड इतिहास मी वाचले. आपल्या पालिकेचे खरेदीचे नियम आज पहिल्यांदा वाचले. चांगले रंजक आहेत! झाकण कशाचं हवं हे लिहिलंय, त्याने करायचं काय हे नाही. बाकासाठी 'सागवानी', कचराकुंडीसाठी 'नवीन मालाची'. कचऱ्यापासून केलेली कचराकुंडी आम्हाला चालत नाही. तोच कचरा गावाबाहेर नेऊन पुरायला मात्र आम्ही ठेकेदार नेमतो.

म्हणजे एक ओळ बदलायची. कशाचं आहे ते विचारू नका, किती वजन पेलतं ते विचारा. जो पेलेल त्याने विकावं.

वन्संना फोन केला — तुमच्यासाठी अनुदानही मागते.

"अनुदान नको. त्यावर शेड चालते, धंदा नाही. मला गिऱ्हाईक दे."

११ फेब्रुवारी

ठराव दिला. सचिवांनी वाचला, चष्मा काढला. "ताई, हे झाकण करणाऱ्या बाई तुमच्या कोण?"

"नणंद."

"मग या विषयावर तुम्हाला बोलता येणार नाही. मतही देता येणार नाही. चर्चेच्या वेळी सभागृहाबाहेर बसावं लागेल."

मी म्हटलं, ठराव सगळ्याच कारखानदारांसाठी आहे. ते म्हणाले, "सगळ्यांत त्याही आल्या."

चिडले. घरी येईपर्यंत चिडून होते. पण मग विचार केला — दुसऱ्या कोणी स्वतःच्या नणंदेसाठी असं केलं असतं तर मी तासभर बोलले असते. नियम बरोबर आहे. मलाच लागू झाला हीच काय ती तक्रार.

सासूबाईंना सांगितलं. "तू गप्प बसणार? तारीख सांग, मला बघायला यायचंय."

१४ फेब्रुवारी

आमच्या पक्षातल्या एकालाही सभागृहात सरळ बोलता येत नाही. बोलता येणारा माणूस एकच, तो समोरच्या बाकावर. आम्ही त्यांना हरकतदार म्हणतो. दिवा लावायच्या ठरावालाही ते उजेडाबद्दल हरकत घेतात.

गेले त्यांच्या घरी. स्वतः दार उघडलं, मला पाहून पुन्हा बंद करावं की काय असा क्षणभर विचार केला.

सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. "तुम्ही बाहेर बसणार? चर्चा संपेपर्यंत?"

"संपेपर्यंत."

"एवढ्यासाठीच ठराव मांडावासा वाटतो." मग हसू आवरून, "पण माझी हरकत आहे. तुमच्या उड्यांवर माझा विश्वास नाही. पालिकेची भरलेली कचरागाडी त्यावरून जाऊ दे. सगळ्यांदेखत. टिकलं तर बोलेन. फुटलं तर त्याहून जास्त बोलेन."

वन्संना कळवलं. म्हणाल्या, "एक गाडी कशाला, दोन आणा."

१६ फेब्रुवारी

एक कल्पना सुचली! झाकणावर घोषवाक्य कोरायचं. 'कचरा नव्हे, कच्चा माल.' खोल, ठसठशीत, दुरून वाचता येईल असं. वन्सं नको म्हणत होत्या. "झाकण आहे, फलक नाही." पण मी बाजू मांडल्यावर त्या काय, कोणीही ऐकतं.

२० फेब्रुवारी

पालिकेच्या फाटकासमोर झाकण मांडलं. अभियंता, हरकतदार, वन्सं, त्यांच्या सहाही बायका, येणारे-जाणारे. गाडी आली. पुढचं चाक चढलं — कट्ट!

तडा गेला. कुठून? बरोबर माझ्या घोषवाक्यातून. 'कचरा'पासून 'माल'पर्यंत, अक्षरामागून अक्षर, जणू कोणी बोट ठेवून वाचत गेलं.

कोणी हसलं नाही. त्याहून वाईट. वन्संनी दोन तुकडे उचलले, कडा निरखून पाहिल्या. मला म्हणाल्या, "तडा जायला वाट लागते. ती तू खणून दिलीस."

हरकतदारांनी घड्याळ पाहिलं. "आणखी एक आणा. पुढल्या आठवड्यात. आणि ताईंना त्यावर काही लिहू देऊ नका."

वन्सं रिक्षाने परतल्या. मांडीवर दोन तुकडे. सहा बायका मागून चालत गेल्या. त्यांतली एक दुसरीला विचारत होती, भांडी घासायचं काम कुठे मिळेल का.

२१ फेब्रुवारी

कुठेच काही बोलले नाही. ह्यांनी विचारलं, ताप आहे का.

२६ फेब्रुवारी

दुसरं झाकण. कोरं, काळं, ओबडधोबड. मधे फक्त उचलायला एक खाच, तीही वन्संनी अर्धचंद्रासारखी गोलसर ठेवलेली — कोपरा असला की तिथून फुटतं म्हणे. साच्यात रात्रभर निवू दिलेलं.

गाडी एकदा गेली. हरकतदार म्हणाले, परत. परत गेली. "आता उभी करा." चालक गाडी झाकणावर उभी करून चहा प्यायला निघून गेला. आम्ही सगळे त्या चाकाकडे बघत उभे. इतक्या शांतपणे इतकी माणसं काही ऐकतात हे मी माझ्या एकाही सभेत पाहिलेलं नाही.

गाडी हलली. अभियंत्यांनी वाकून हात फिरवला. हरकतदार स्वतः झाकणावर उभे राहिले, टाचा आपटल्या. वन्संना म्हणाले, "बाई, ह्याचा रंग फार वाईट आहे."

"गटारावर बसवायचंय. देवघरात नाही."

२८ फेब्रुवारी

बाहेर बसले. सभागृहाच्या दाराशी, शिपायाच्या शेजारी. दार जाड आहे, शब्द कळत नाहीत, नुसते आवाज. माझा आवाज बाहेर कसा येतो ते शिपायाला विचारलं. "ताई, तुमचा कळतो. दार नसल्यासारखा."

आज दोन वेळा उठले. दोन्ही वेळा शिपायाने नुसतं पाहिलं. बसले.

आत हरकतदारांचा संथ, कंटाळवाणा, न चढणारा आवाज. आणि गंमत — कोणी मधे बोलत नव्हतं. मी बोलते तेव्हा अर्धं सभागृह उत्तर तयार करत असतं. आज कोणाजवळ उत्तर द्यायला काही नव्हतं. गाडी झाकणावरून गेलेली सगळ्यांनी पाहिली होती.

दार उघडलं. हरकतदार बाहेर आले. "एकमताने. माझी एकच हरकत नोंदवली — ठराव इतक्या उशिरा का आला."

यापुढे झाकणं, बाकं, कुंड्या: कशाचं ते विचारायचं नाही. वजनाची परीक्षा सगळ्यांना सारखी. नापास झालेलं परत.

वन्संना फोन केला. त्यांनी "शेड सोडत नाही असं शेडवाल्याला सांगते हं आधी," म्हणून फोन ठेवला.

२३ मार्च

आमच्या कोपऱ्यावर झाकण बसलं. वन्संचंच. परीक्षेला आणखी दोन कारखाने उतरले होते, एक वन्संइतकाच चांगला. काम वाटून मिळालं. वन्सं रागावतील असं वाटलं होतं. त्या त्याच्या शेडवर जाऊन त्याचं झाकण घासून, वास घेऊन आल्या. "बुचं फार घालतो. पण जमतंय त्याला."

सासूबाई काठी टेकत कोपऱ्यापर्यंत गेल्या. काठीने झाकण ठोकलं, मग त्यावर उभ्या राहिल्या. "आता ने मला घरी."

१७ एप्रिल

वन्संची तक्रार! फुकट कचरा बंद झाला. परीक्षेत उतरलेला दुसरा कारखाना कचरा विकत घेऊ लागला म्हणून वन्संनाही वजनकाटा लावावा लागला. दारात ढीग नाही, रांग असते. पोती घेऊन माणसं, बायका. बुचं वेगळी, बाटल्या वेगळ्या, घरूनच निवडून आणलेल्या. निवडलेल्याला जास्त भाव. भंगारवाल्यांनीही प्लास्टिक घ्यायला सुरुवात केली आहे.

"तूच केलंस हे," म्हणाल्या. रागाने, पण दोन बायका नव्या ठेवल्यात.

गावाबाहेरचा कचऱ्याचा डोंगर मुद्दाम बघून आले. तसाच आहे. पण वर काही माणसं वाकून काहीतरी वेचत होती, आणि वेचलेलं पाण्याच्या डबक्यात टाकून बघत होती. बुडतंय का तरंगतंय.

९ मे

सकाळी वन्संचा फोन.

"तुझ्या कोपऱ्यावरचं झाकण जागेवर आहे का बघ."

खिडकीतून पाहिलं. काळा चौकोन दिसला. झाकणाचा नव्हे, खड्ड्याचा.

"माझ्या काट्यावर आहे," वन्सं म्हणाल्या. "पोत्यात घालून आणलं एकाने. अर्धचंद्राची खाच, माझ्याच हातची."

"मग? धरलंत त्याला?"

"काटा करेपर्यंत पळाला. पैसे न घेता." वर म्हणाल्या, "मी दिले असते बघ. माल चांगला होता."

कोपऱ्यावर खुर्ची आडवी टाकून आले. वन्संना सांगितलं, पुढच्या झाकणाला साखळी लावा. मग जुनं भाषण शोधून काढलं. सुरुवात तीच राहील. शेवट नवा:

'बंधूंनो, भगिनींनो, ज्याला कोणी शिवत नव्हतं ते आता चोरीला जातं. साखळी येईपर्यंत खाली बघून चाला.'