मोत्याचं वजन

मंगळवार, संध्याकाळ

आज लिहायलाच हवं. भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरमधल्या चिंगीच्या हिरड्या गुलाबी झाल्यात!

सकाळी शेल्टर सांभाळणाऱ्या वैशालीताईने तिचा ओठ उचलून दाखवला, तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. गोचीडतापाने अंगात रक्तच उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आजच रक्त चढवावं लागेल. देणारा कुत्रा धडधाकट आणि पंचवीस किलोंच्या वरचा हवा. शेल्टरमधले सगळे काटकुळे. आणायचा कुठून?

मग आठवला आमच्या चाकणच्या कंपनीच्या गेटवरचा मोत्या. आधीच्या शिफ्टने याला उपाशी ठेवलंय, असं समजून तिन्ही शिफ्टचे वॉचमन त्याला पोटभर चपात्या घालायचे. फार सुटलाय म्हणून गेल्या महिन्यात मीच भांडले. दिवसातून एकदाच घाला, अशी तंबी दिली. काय अवदसा आठवली होती मला!

वॉचमन शेळकेकाका त्याला टेम्पोतून घेऊन आले. "ताई, तुमी सांगितल्यापासनं एकदाच घालतो आमी, जास्त न्हाई." म्हणजे माझ्यामुळे हा वाळला असणार! मोत्याला काट्यावर उभं केलं.

चौतीस किलो! गेल्या महिन्यात एकतीस होता!

काकांनी मान खाली घातली. मी त्यांना मिठीच मारली.

रक्त जुळलं, चढलं. मघाशी परत ओठ उचलून पाहिला. फिकट, पण गुलाबीच. चिंगीने माझं बोटसुद्धा चाटलं.

निघताना मोत्या बिचारा उपाशी असेल म्हणून माझ्या डब्यातली चपाती त्याला भरवली. काका हळूच म्हणाले, "ताई, तुमच्या आधी वैशालीताईंनी घातली. त्यांच्या आधी डॉक्टरांनीबी."